उंबर जरा अलीकडे

प्रदर्शनात चित्रं लावली की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "हे काढायला किती वेळ लागला?" आणि दुसरा, "हे नक्की कुठलं?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. "थर्मासमधला चहा संपेपर्यंत," असं मी सांगते आणि माणूस हसून पुढच्या चित्राकडे जातो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी पस्तीस वर्षांत कधी धड उत्तर दिलं नाही. 'नांद्याकडचं', 'लवळ्याच्या वरचं' असं काहीतरी म्हणून हात हलवायचा. गेल्या उन्हाळ्यात याच प्रश्नाचं उत्तर मला एका सरकारी माणसासमोर द्यावं लागलं, तेही सहीनिशी. त्याचा धक्का अजून अंगातून गेलेला नाही.

या लेखासाठी संपादकांनी 'तुमची बदलत गेलेली शैली' असा विषय दिला होता. वर्षापूर्वी मी त्यावर पानंच्या पानं लिहिली असती. आता लिहायला बसले की एक उंबराचं झाड आडवं येतं. तेव्हा झाडाचंच सांगते, शैलीचं त्यात काय यायचं ते येईल.

आधी आमच्या धंद्याची थोडी माहिती देते. जागेवर बसून जलरंगात निसर्गचित्र काढणं म्हणजे उन्हाशी शर्यत लावणं. सकाळी आठला बसलात तर दहापर्यंत सावल्या जागा सोडतात, आणि तुम्ही काढलेला डोंगर समोर उरतच नाही. कागद फळीवर चिकटपट्टीनं ताणायचा, भरपूर पाण्यात रंग कालवून आभाळ एका हातात उतरवायचं आणि जिथे उजेड हवा तिथला कागद कोराच ठेवायचा. जलरंगात पांढरा रंग नसतो, जे सोडलं ते पांढरं. चुकलं तर खोडता येत नाही. शिवाय माश्या, वारा आणि शेळ्या असतातच. हिराबाईच्या एका शेळीनं माझं अर्धं चित्र खाल्लं होतं. मी रडकुंडीला आले, तर हिराबाई म्हणाली, "बाई, तिनं थुकलं न्हाई, म्हंजी रंग चांगला हाय."

ही हिराबाई धनगराची. नांदे आणि लवळे या गावांच्या मधल्या टेकडीच्या कुशीत तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून त्यांचं बिऱ्हाड होतं. पत्र्याचं घर, मेंढरांचं काट्यांचं वाडगं, एक भला मोठा काळा खडक, आणि उन्हाळ्यातही न आटणारा एक झरा. बाकीची जमीन खालच्या शंकररावांची. मी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी पहिल्या एसटीनं तिकडे जायचे. उन्हात भाजले की हिराबाईच्या दारात बसायचे. ती कोरा चहा द्यायची आणि माझ्या कागदाकडे बघत राहायची.

आता आमच्या धंद्यातली आतली गोष्ट. आम्ही झाडं हलवतो. माझे गुरुजी म्हणायचे, निसर्ग सगळं देतो, फक्त मांडून देत नाही, मांडणी आपण करायची. चित्राच्या अगदी कडेला मोठं झाड आलं की बघणाऱ्याची नजर त्या झाडावरून चित्राबाहेर निघून जाते. म्हणून ते झाड आत ओढायचं. डोंगर बुटका असेल तर उचलायचा. विजेचा खांब असेल तर तो नसल्यासारखाच. या कामात माझा हात इतका बसला होता की एका प्रदर्शनात मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "देवाच्या बारीकसारीक चुका मी दुरुस्त करून घेते." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

गिऱ्हाइकं तरी काय कमी होती. मारुंजीतल्या एका जोडप्याला चित्र फार आवडलं, पण सोफा राखाडी होता. नवरा म्हणाला, "मॅडम, डोंगर थोडा ग्रे साइडला नेता येईल का?" मी नेला. एका बिल्डरनं त्याच्या बांधकामाच्या जागेचं चित्र मागितलं, त्यात समोरच्या दुसऱ्या बिल्डरच्या इमारती नकोत म्हणाला. त्याही मी पुसल्या, तिथे आंब्याची राई घातली. पुढे एक सद्गृहस्थ ती राई शोधत दोन तास फिरले असं कळलं, तेव्हा मी पोट धरून हसले होते.

हिराबाईच्या जागेचं माझं चित्र सगळ्यांत गाजलं. खडक, त्याला लगटून उभा उंबर, उंबराची जांभळी सावली खडकावर सांडलेली, मागे मेंढरं आणि लांब कोपऱ्यात झऱ्याची चकाकी. एका पतसंस्थेनं ते कॅलेंडरवर छापलं. वर्ष संपलं तरी त्या खोऱ्यात कुणी ते उतरवलं नाही. खालच्या तारखा फाडल्या आणि वरचं चित्र चौकटीत घातलं. सलूनमध्ये, दूध डेअरीत, लवळ्याच्या कॅंटीनमध्ये, शंकररावांच्या ओसरीवर आणि हिराबाईच्या पत्र्याच्या भिंतीवरही ते होतं. माझ्याही स्वयंपाकघरात होतं. मी पंचवीस वर्षं ते बघत भाजी चिरली.

दरम्यान माझी चित्रं बदलली. खालच्या अंगाला डोंगर खरवडायला लागले, तसा मी पाणी सोडून तैलरंग घेतला आणि ब्रश सोडून रंग थापायची सुरी. जाड, लाल, फाटलेले डोंगर काढायला लागले. समीक्षकांनी 'संतापाचा काळ' वगैरे लिहिलं. संताप होता हे खरं, पण माझे सांधे धरले होते आणि सुरी धरायला सोपी जाते, हेही खरं. नोकरी संपल्यावर मी मारुंजीत फ्लॅट घेतला. खिडकीतून टेकडी दिसते म्हणून घेतला होता, आता समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते. टेकडीवर जाणं बंद झालं. उंबर एका वादळात पडल्याचं मला दोन वर्षांनी कळलं.

गेल्या चैत्रात हिराबाईचा मुलगा धोंडिबा दारात उभा राहिला. लिफ्टनं न येता पाच मजले चढून आला होता. काखेत कॅलेंडरची ती चौकट होती, काच धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाई, तुमीच आता सांगायचं. दुसरं कुनी जुनं ऱ्हायलं न्हाई."

मामला असा होता. शंकररावांच्या वडलांनी हिराबाईच्या सासऱ्याला जमिनीची एक पट्टी दिली होती. कागद स्टॅम्पवर केलेला होता, दोन्ही घरांकडे होता आणि खोटा असं कुणीच म्हणत नव्हतं. पण त्या पट्टीची मोजणी कधी झाली नव्हती. कागदावर हद्द लिहिली होती ती अशी: 'काळ्या खडकापासून उंबराच्या झाडापर्यंत'. खडक होता. उंबर पडला होता, त्याचं खोडही जेसीबीनं काढून जागा सपाट झाली होती. आता शंकरराव नाहीत, त्यांचा मुलगा विलास जमीन विकतोय आणि मोजणी लागली आहे. उंबर झऱ्याच्या पलीकडे असेल तर झरा धनगरांचा. उंबर झऱ्याच्या अलीकडे, खडकाजवळ असेल तर झरा विलासचा. मेंढरं त्या पाण्यावर होती.

"तुझी आई काय म्हणते?" मी विचारलं.

"आई म्हनती पल्याड हुता. पर आता तिचं वय झालंय. कवा काय म्हनती, कवा काय. मला इचाराल तर ही चौकटच डोळ्यापुढं येती."

मी चौकट हातात घेतली आणि बघितलं. उंबर खडकाला लगटून होता. मला वाईट वाटलं, पण ते धोंडिबासाठी. त्याचं नुकसान होणार म्हणून. चित्राविषयी शंका मला शिवलीसुद्धा नाही, हे मी आज शपथेवर सांगते आणि स्वतःलाच खरं वाटत नाही. आयुष्यभर झाडं इकडची तिकडे करणारी बाई मी. पण डोळे मिटले की मला तो उंबर स्पष्ट दिसत होता, खडकाजवळ, सावलीसकट. टेकडी मी विसरले होते. माझ्या लक्षात होतं ते स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.

मोजणीच्या दिवशी विलासनं गाडी पाठवली. विलास चांगला मुलगा, नमस्काराला वाकला. "मॅडम, आमच्या घरात तुमचं चित्र देवासारखं आहे. तुम्ही म्हणाल तिथे दगड लावू, आपलं काही म्हणणं नाही." त्यालाही खरंच काही माहीत नव्हतं. लहानपणापासून तो शिकायला बाहेर होता. त्याची आठवणही त्याच कॅलेंडरमधून आलेली.

हिराबाई पत्र्याच्या सावलीत बसली होती. मला बघून तिनं दोन्ही हात पुढे केले, मी ते धरले. मोजणीचे साहेब म्हणाले, "आजी, झाड कुठं होतं?"

तिनं काठी उचलून झऱ्याच्या पलीकडे दाखवलं. मग काठी तशीच हवेत थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. "मला तर तितं वाटतंय," ती म्हणाली, "पर बाईंच्या चित्रात अल्याड हाय. बाई हितं बसून बघून काढत हुत्या. त्या काय खोटं काढत्यात व्हय?"

काठी खाली आली.

मी पुढे झाले. खडकापासून चार पावलं चालले आणि म्हटलं, "इथे." माझा आवाज खणखणीत होता. साहेबांनी खूण केली, विलासनं मान डोलावली, धोंडिबानं खाली बघितलं. मी पंचनाम्यावर सही केली, चित्राच्या खाली करते तशीच, वळण देऊन. हिराबाईच्या सुनेनं चहा दिला. तो घशाखाली उतरताना मला वाईट वाटत होतं, पण आपण खरं बोललो याचं समाधानही होतं.

दिवाळीनंतर एका संस्थेला माझी जुनी रेखाटनं हवी होती. एका दुपारी मी पलंगाखालची पेटी ओढली. जागेवर रंग लावण्याआधी आम्ही पेन्सिलनं एक भरभर आराखडा काढतो, जसं आहे तसं. त्यावरून पुढची मांडणी ठरते. पिवळ्या पडलेल्या वहीत हिराबाईची जागा सापडली, खाली माझ्या सहीसकट. डावीकडे खडक. मधे झऱ्याची लकेर. आणि कागदाच्या अगदी उजव्या कडेला, झऱ्याच्या बऱ्याच पलीकडे, उंबर. त्याच्यापासून खडकाकडे एक बाण काढला होता आणि बाणावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'उंबर जरा अलीकडे घेणे.'

मी जमिनीवर बसले ती किती वेळ उठलेच नाही. दारावर दूधवाल्याची बेल वाजून थांबली. ते चार शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, जणू वाचता वाचता बदलतील. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, आणखी एक गोष्ट आठवली. चित्र पुरं झालं तेव्हा हिराबाई माझ्या खांद्यावरून वाकली होती आणि म्हणाली होती, "बाई, उंबर हितं न्हाई वो."

मी हसून म्हटलं होतं, "हिराबाई, चित्रात असंच बरं दिसतं."

"आसंल बाई. तुमाला कळतंय."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन आधी विलासकडे गेले. त्यानं वही बघितली आणि चेहरा पडला. "मॅडम, मी तुमच्या शब्दावर पुढचा व्यवहार केला. तार लागली, खरेदीखत झालं. आता ते माझं राहिलंच नाही." त्याला काय दोष देणार. मग मी मोजणीच्या कार्यालयात गेले, अर्ज लिहिला, वही आणि कॅलेंडरची चौकट पुढे ठेवली. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून एकदा वही बघितली, एकदा कॅलेंडरची चौकट बघितली. अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, दोन्ही तुम्हीच काढलंय. सही दोन्हीवर तुमचीच. मी कुठलं खरं मानू?"

पस्तीस वर्षांत माझ्या चित्रांवर एवढी नेमकी टीका कुणी केली नव्हती. अर्ज त्यांनी घेतला. त्याच्या तारखा पडतायत.

सगळ्यांत अवघड होतं टेकडी चढणं. वाडगं रिकामं होतं. धोंडिबानं मेंढरं विकली होती, थोड्या शेळ्या ठेवल्या होत्या आणि तो लवळ्याच्या एका हॉस्टेलवर वॉचमनच्या कामाला लागला होता. झऱ्याभोवती तार होती. हिराबाई दारातच होती, नेहमीच्या जागी. मी तिच्या पायाशी बसले आणि वही उघडून सगळं सांगितलं. तिला वाचता येत नाही, म्हणून बाणावर तिचं बोट ठेवून ते चार शब्द वाचून दाखवले. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी त्यासाठीच गेले होते म्हणा ना.

तिनं वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी माझं डोस्कं ठीक हाय."

मला कळेना. ती माझा हात दाबून म्हणाली, "बाई, त्या दिसापास्नं मी कुनाला काय सांगायचंच सोडलंय. घरातली बी इचारत न्हाईत. मला वाटलं, जल्मभर ज्याच्या सावलीला बसलो त्यो उंबर आठवंना, मग दुसरं काय खरं आठवत आसंल? माझी आई कशी दिसायची त्ये बी मी आठवायची न्हाई आता. म्हनलं, ते बी चुकीचंच आसंल."

मी झरा घालवला एवढंच समजून टेकडी चढले होते. माझ्या एका बाणानं या बाईची आईसुद्धा नेली होती, आणि ती ते सहा महिने मुकाट सोसत बसली होती. मी रडले. माफी मागितली. तिनं डोक्यावरून हात फिरवला, पण 'असू दे' असं काही ती म्हणाली नाही, आणि मला तेच बरं वाटलं.

आता मी पुन्हा जलरंगाकडे आले आहे. जे जिथे आहे तिथेच काढते, खांब, टाकी, तार सगळं. परवा एक समीक्षक मित्र म्हणाला, "तुझी मांडणी बिघडली हल्ली. चित्रं कोरडी होतायत, नकाशासारखी." मी त्याला चहा पाजला.

मागच्या महिन्यात मी फळी आणि कागद घेऊन हिराबाईकडे गेले. तिला बाजेवर बसवलं, तोंड झऱ्याकडे. खडक काढला, झरा काढला, मधली तारही काढली. मग ब्रश कोरडा करून विचारलं, "हिराबाई, आता तुम्ही सांगा. उंबर कुठे?"

तिनं काठी उचलली. या वेळी ती हवेत थांबली नाही. "आनिक पल्याड. आनिक. त्या तारंच्या खांबाच्या बी पल्याड." मी ब्रश सरकवत गेले. कागदाची कड आली तेव्हा ती म्हणाली, "हां. हितं." अर्धं झाड कागदावर मावलं, अर्धं बाहेरच राहिलं. गुरुजींनी बघितलं असतं तर कान धरला असता.

रंग वाळल्यावर मी कागद तिच्या डोळ्यांजवळ धरला. "बरोबर आहे का?"

तिनं निरखून बघितलं. उंबरावर बोट ठेवलं, तिथून खडकापर्यंत सावकाश नेलं आणि परत आणलं.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली. "पर बाई, चित्र काय बरं दिसंना."

"नाही दिसत," मी म्हटलं आणि खाली सही केली.